कार्ड उठेपर्यंत

२ तारीख, सोमवार

नवी फाइल उघडण्याआधी डोळे मिटून जरा वेळ बसलो. धाकटा भाऊ खिडकीपाशी बसून म्हणाला, "दादा, देवाला विचार, चिपबरोबर आलेलं हे माहितीचं पुस्तक लिहिणाऱ्याला लिहायला कुणी शिकवलं होतं?" मी डोळे न उघडता म्हणालो, "विचारलं. तो म्हणतो, आपला संबंध नाही." मग दोघेही कामाला लागलो.

काम असं आहे. रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या ठेवायचे फ्रिज असतात. प्रत्येक फ्रिजचं तापमान सतत देखरेखीच्या टेबलावर दिसायला हवं. त्यासाठी फ्रिजच्या पाठीला एक चिमुकला कॉम्प्युटर आणि त्यात आमचं नेटवर्क कार्ड. कार्ड धाकटा बनवतो. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहितो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत आम्ही भाऊ इतकी वर्षं हेच करत आलो. पण आतापर्यंत आमची कार्डं कारखान्यांतल्या वजनकाट्यांत बसायची. काटा बंद पडला तर पोती थांबतात. इथे कार्ड झोपलं आणि फ्रिज तापला, तर रक्त वाया.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी रक्तपेढीच्या बाई परीक्षा घ्यायला येणार आहेत. वीज घालवायची, परत आणायची, पुन्हा घालवायची. दर वेळी सगळी कार्डं जागी झाली पाहिजेत. एकही झोपून राहिलं तर काम मोठ्या कंपनीकडे जाईल. आणि तसं झालं तर दुकानाला कुलूप लावून दोघांनी आपापली नोकरी शोधायची, असं आम्ही बोलून ठेवलंय. बोललो तेव्हा हसत होतो. आता लिहिताना हसू येत नाही.

३ तारीख, मंगळवार

दिवसभर हेडर फाइल. ड्रायव्हरला लागणारे सगळे आकडे इथे एका जागी मांडायचे आणि प्रत्येकाला नाव द्यायचं. पुढे सगळीकडे नावच वापरायचं, आकडा नाही.

या आकड्यांच्या दोन जाती असतात. पहिली जात चिपबरोबर जन्माला येते. चिपच्या पोटात लहान लहान कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कुठला कप्पा कितव्या जागी हे ठरलेलं असतं, आपण फक्त उतरवून घ्यायचं. दुसरी जात आपण ठरवायची. किती वेळा प्रयत्न करायचा, किती वेळ वाट बघायची. रीसेट दिल्यावर, म्हणजे कार्डाला हलवून उठवल्यावर, ते डोळे उघडेपर्यंत किती थांबायचं.

हे थांबायचे आकडे मी पूर्वी नेहमी पुस्तकात दिल्याच्या दुप्पट-तिप्पट लिहायचो. भित्रेपणा, दुसरं काय. या वेळी ठरवलं, अंदाज नाही. पुस्तक दहा मिलिसेकंद म्हणतं, तर दहाच. ज्याने चिप घडवली त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या?

आमच्या खेड्यातल्या शाळेत एका खोलीत चार वर्ग बसायचे. तरी मास्तरांच्या फळ्यावर सगळं जिथल्या तिथे असायचं. संध्याकाळी हेडर वाचली तेव्हा तो फळा आठवला. अशा नाव दिलेल्या आकड्याला स्थिरांक म्हणतात, तो शब्दच मला आवडतो. जगात काहीतरी न बदलणारं असावं.

४ तारीख, बुधवार

आज डीबगची, म्हणजे चुका शोधायची, सोय केली. काम करताना ड्रायव्हरने स्वतःबद्दल किती बोलायचं, हे ठरवायच्या पातळ्या. शून्य म्हणजे एकदम गप्प. एक म्हणजे काही बिघडलं तरच बोलायचं. दोनला कार्ड उठलं, झोपलं एवढं सांगायचं. तीन आणि चार म्हणजे कप्प्याकप्प्याची हकिकत. पातळी हेडरमध्येच ठरते. शून्य ठेवलं की संदेश तयार प्रोग्रामात येतच नाहीत, जणू कधी लिहिलेच नव्हते.

धाकट्याला दाखवलं तर म्हणाला, "चार म्हणजे वहिनी."

"आणि तू?"

"मी दोन. उठलो, झोपलो, जेवलो."

"आणि शून्य?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि इतका हसला की खालचा सायकलवाला वर बघायला लागला. घरी हिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "बरोबर बोलले भाऊजी."

६ तारीख, शुक्रवार

पहिलं कार्ड तयार झालं. डीबग चारवर ठेवून लावलं. पडद्यावर ओळींमागून ओळी: रीसेट दिला, कार्ड सापडलं, पत्ता वाचला, तार जोडलेली आहे. पहिल्या झटक्यात! हात जोडले. धाकट्याने बनवलेली वस्तू पहिल्यांदा चालू होते तेव्हा मला दर वेळी मूल पहिल्यांदा रडल्यासारखं वाटतं.

त्याने मात्र कपाळाचा घाम पुसला आणि नुसता खुर्चीत बसून राहिला. या एका कार्डाला त्याला तीन दिवस लागले. नवी रचना आहे, लागणारच. चिप बाहेरून बसवून येते, पण तिच्या भोवतालचे भाग हा भिंगाखाली स्वतः जोडतो. आता बाकीची वीसेक कार्डं करायची.

११ तारीख, बुधवार

धाकट्याने त्याचं टेबल फिरवलं. आता माझ्याकडे पाठ करून बसतो. म्हणे उजेड नीट येत नव्हता. इतक्या वर्षांत उजेडाची तक्रार नव्हती, पण चाळिशीनंतर डोळे बदलतात, माझेही बदलले. हल्ली सकाळी माझ्या आधी येऊन काम सुरू केलेलं असतं. मी पोचतो तोवर दोन कार्डं तयार. हात बसलाय त्याचा.

दाढीही वाढवतोय. छान दिसते. वय झालं की माणूस थोडा आत वळतो. कधी सोबत प्रार्थनेला ये म्हणेन, पण चेष्टा करेल म्हणून धीर होत नाही.

त्याचा चहा मात्र रोज थंड होतो. मी कप ठेवतो आणि हा म्हणतो, "ठेव, घेतो." अर्ध्या तासाने बघावं तर कप तसाच. "चहा थंड होतोय, पिऊन घे" हे मी दिवसातून किती वेळा म्हणतो कोण जाणे.

१२ तारीख, गुरुवार

रक्तपेढीच्या बाईंचा फोन. त्यांना ड्रायव्हर गप्प हवा आहे. "संदेशांनी आमच्या त्या चिमुकल्या यंत्राची जागा भरून जाते. शिवाय आमच्या खोलीत आधीच इतक्या घंटा वाजतात की मला घरी मुलं ओरडली तरी ऐकू येत नाही." मी म्हणालो, "शून्यावर ठेवतो." त्या म्हणाल्या, "ठेवा. मी शेवटच्या शुक्रवारी स्टॉपवॉच घेऊन येते." त्यांच्या आवाजातच स्टॉपवॉच आहे. धाकट्याने लगेच बाईंचं तेच नाव ठेवलं.

१६ तारीख, सोमवार

पातळी शून्य केली आणि सगळी कार्डं लावली. पहिलं उठलं. बाकीच्यांतली निम्मी उठलीच नाहीत.

पातळी चार केली. सगळी उठली.

परत शून्य. परत निम्मी झोपलेली, आणि तीही दर वेळी वेगळी. पहिलं कार्ड मात्र प्रत्येक वेळी शहाण्यासारखं उठतं.

हे म्हणजे डॉक्टर आले की रोग्याला बरं वाटावं तसं झालं. बघायला जावं तर दुखणं नाही, पाठ फिरवली की आहे. इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं कोड्यात पडलो नव्हतो. परीक्षेचा शुक्रवार फार लांब नाही, हा नव्हे, याच्या पुढचा.

१७ तारीख, मंगळवार

एकेक आकडा पुस्तकाशी ताडून पाहिला. सगळे बरोबर. धाकट्याला विचारलं, "पहिल्या कार्डात आणि बाकीच्यांत काही बदललंस का रे?"

"नाही."

"काहीच?"

"दादा, नाही म्हणालो ना!"

मी परत माझ्या पडद्याकडे वळलो. त्याच्या कामावर शंका घेतली हे त्याला लागलं असणार. लागायलाच हवं. माझ्या ड्रायव्हरवर कुणी अशी शंका घेतली असती तर मलाही लागलं असतं. त्याचा हात म्हणजे काय, मला माहीत आहे. लहानपणी विहिरीच्या काठावर बसून रेडिओ खोलायचा आणि एकही स्क्रू हरवायचा नाही. दोष माझ्याच आकड्यांत आहे.



१८ तारीख, बुधवार

धाकटा आणि धाकटी जेवायला आले होते. हिने हल्ली स्वयंपाकाची काय नवी पद्धत काढलीय देव जाणे. भाऊजी येणार म्हटलं की पातळ काही करतच नाही, सगळं कोरडं, हाताने उचलून खाण्यासारखं. मला घसा ओला करायला काहीतरी लागतं. म्हणालो तर दोघी जावा एकमेकींकडे बघायला लागल्या.

ते गेल्यावर ही म्हणाली, "अहो, भाऊजींकडे जरा लक्ष द्या."

"रोज समोर असतो तो. लक्ष कसलं द्यायचं?"

"समोर असतात, पण तुम्ही त्या पडद्याकडे बघता."

"माझ्यावर रागावलाय तो. कार्डाबद्दल विचारलं म्हणून."

"कार्डाबद्दल नका विचारू मग," ती म्हणाली आणि भांडी आवरायला गेली. बायकांना कामातलं सगळं कसं समजावणार? कार्डाबद्दल नाही विचारायचं तर काय विचारायचं?

२० तारीख, शुक्रवार

आज पुढे सरकलो.

चौथ्या पातळीचे संदेश एकेक करून काढत गेलो. हा काढला, कार्डं उठतात. तो काढला, तरी उठतात. शेवटी एकच उरला, रीसेट दिल्यानंतरचा. तो काढला आणि कार्डं झोपली. परत घातला, उठली. म्हणजे साऱ्या बडबडीत कामाचं वाक्य हे एकच.

मग त्या वाक्यात आहे तरी काय? त्याच्या जागी रोमन अक्षरांत देवाचं नाव लिहिलं. नुसतं दोन अक्षरी नाव. खरं सांगतो, मनात थोडी आशा होती. काही कार्डं उठली, काही नाही. देवालाही निम्मेच मार्क. मग पटकन जे सुचलं ते लिहिलं: चहा थंड होतोय, पिऊन घे. सगळी उठली! एकूण एक! दहादा करून पाहिलं.

 देवाच्या नावाने जे झालं नाही ते थंड चहाने कसं व्हावं? मग लक्षात आलं आणि स्वतःचंच हसू आलं. नाव लहान, वाक्य लांब. संदेश एका बारीक तारेवरून अक्षर-अक्षर करत पडद्यावर जातो. तो जाईपर्यंत ड्रायव्हर थांबून राहतो. कार्डाला शब्दांशी काही घेणं नाही. त्याला फक्त वेळ हवा आहे. देवाच्या नावात काही कमी नव्हतं, ते उरकलं लवकर एवढंच.

म्हणजे दहा मिलिसेकंद पुरत नाहीत. पण का? पुस्तक दहा म्हणतं आणि पहिलं कार्ड दहात उठतं. आकडा वाढवून मोकळं होता येईल. पण कारण न समजता वाढवलेला आकडा म्हणजे भिंतीला गेलेल्या तड्यावर कॅलेंडर लावण्यासारखं आहे. उद्या गरमीत, परवा थंडीत परत पुरला नाही तर? आत रक्त आहे.

२१ तारीख, शनिवार

रागात लिहितो आहे. रागात लिहू नये, हे माहीत आहे.

धाकटा सुटे भाग आणायला म्हणून सकाळी गेला. सुटे भाग मागवायचं काम माझं, याला कुठले हवे होते कळलं नाही. तो नाही तोवर मी पहिलं कार्ड आणि दुसरं एक कार्ड भिंगाखाली शेजारी ठेवलं.

चिपला उठवणारी जी तार आहे तिच्यावर एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा चिमुकला भाग, असतो. पहिल्या कार्डावर तो मोहरीएवढा आहे. बाकी सगळ्या कार्डांवर तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा, आणि जास्त क्षमतेचा. म्हणजे भरायला जास्त वेळ घेणारा. तो भरत नाही तोवर चिप उठत नाही. बस, एवढंच कारण. गेला आठवडाभर मी केस उपटत होतो ते या तांदळासाठी.

वाटलं, लहान संपले असतील. खण उघडला. लहानांची अख्खी गुंडाळी तशीच. त्याच्याखालच्या खणात चार-पाच कार्डं सापडली. त्यांच्यावर लहान कपॅसिटर लावायचा प्रयत्न झालेला. वाकडे बसलेले, कथिल इकडे तिकडे सांडलेलं, एका ठिकाणी कार्ड जळून काळं पडलेलं. इतकं गबाळं काम धाकट्याने कधी केलं नाही. घाई केली याने. कंटाळा केला. आणि वर मला तोंडावर सांगितलं, काही बदललं नाही!

दुपारी तो आला तेव्हा मी कपात चहा ओतला होता. त्याच्यासमोर नेला. तो म्हणाला, "ठेव, घेतो."

"ठेवणार नाही. हातात घे."

"दादा, ठेव ना."

"रोज ठेवतो आणि रोज फेकतो. आज हातात घे आणि माझ्याकडे बघून सांग, काय बदललंस ते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात पुढे केला आणि बशीसकट कप घेतला.

कप थरथरायला लागला. आधी आवाज झाला, बशीवर कपाचा. मग चहा काठावरून यायला लागला, त्याच्या बोटांवर, टेबलावर, माझ्या बाहीवर. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी थांबेना. तो कप खाली ठेवत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मीच तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पुढचं आज लिहवत नाही.

२२ तारीख, रविवार

सकाळी बराच वेळ प्रार्थनेला बसलो. काय मागावं ते सुचलं नाही. कालचं लिहून ठेवतो.

मी विचारलं, "कधीपासून?"

"बरेच महिने झाले. आधी थोडं होतं. काही धरायला गेलो की होतं, नुसता बसलो तर नाही."

"डॉक्टर?"

"तिथेच गेलो होतो सकाळी. जिवाला काही नाही म्हणतात. वाढेल, पण सावकाश. गोळ्या दिल्यात."

"दाढी..."

"वस्तरा धरवत नाही, दादा. तुला काय वाटलं, संन्यास घेतोय?"

तो हसला. मला जमलं नाही. म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू कार्डाबद्दल विचारलंस. तेव्हा वाटलं, सांगितलं तर तू हे काम परत करशील. मग कुलूप. आणि मग मला नोकरी कोण देणार, या हातांना? तुला तरी मिळेल."

लहान कपॅसिटर चिपला खेटून कोपऱ्यात बसतो. पहिल्या कार्डावर तो लावायला त्याला तीन दिवस लागले. पुढची बिघडत गेली. मोठा बसवता येतो म्हणून खणात होता तो लावला. लहानाएवढ्याच क्षमतेचा मोठ्या आकाराचा मिळतो, पण मागवायचा तर मला सांगावं लागलं असतं.

"वेळ वाढेल हे तुला माहीत नव्हतं?" मी म्हणालो. "हे तर तुझंच काम."

"गणित केलं होतं ना. तीस-पस्तीसपर्यंत जातं. पण तू नेहमी पुस्तकापेक्षा जास्त थांबतोस. सगळ्या जुन्या ड्रायव्हरांत थांबलास. मी त्याच भरवशावर लावला." मग म्हणाला, "नेमका याच वेळी पुस्तकाप्रमाणे वागायला निघालास?"

त्याला हेडर दाखवायची तसदीही मी घेतली नव्हती. पातळ्यांची गंमत तेवढी दाखवली होती.

शेवटी तो म्हणाला, "मी बाजूला होतो, दादा. जोडायला दुसरं कुणीतरी बघ." मी म्हणालो, "गप्प बस." आणि मग फडक्याने टेबल पुसत बसलो.  हिला हे सांगितलं तेव्हा तिने डोक्याला हात लावला. म्हणाली, "अहो, त्याला 'तू हवास' असं म्हणायचं असतं." मी म्हणालो, "तेच म्हणालो की."

२४ तारीख, मंगळवार

दोघे शेजारी बसलो. त्याने कागदावर गणित पुन्हा मांडलं, आकडे वेडेवाकडे पण हिशोब चोख. गरमीत किती, थंडीत किती, कपॅसिटर थोडा कमी-जास्त निघाला तर किती. मी हेडरमधला दहा खोडून शंभर केला.

"इतके कशाला?" तो म्हणाला. "साठात भागतं."

"मी नेहमी जास्तच थांबतो."

त्या स्थिरांकाचं पुस्तकी नाव काढून टाकलं आणि नवं ठेवलं: कार्ड उठेपर्यंत. त्याच्या वर टीप लिहिली: रीसेटच्या तारेवर मोठा कपॅसिटर आहे, मुद्दाम लावलेला आहे, घाई करू नये. पातळी शून्य केली. वीज घालवली, आणली, घालवली, आणली. सगळी कार्डं चुपचाप उठली. धाकटा मोजत होता. मोजता मोजता एकदम थांबला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी चालू ठेवलं.

त्याला सकाळी विचारलं, टेबल परत पहिल्यासारखं फिरवायचं का. म्हणाला, बघू.

२७ तारीख, शुक्रवार

बाई वेळेवर आल्या. गळ्यात खरोखरच स्टॉपवॉच. धाकट्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला ओठ चावावा लागला.

परीक्षेआधीच मी त्यांना कपॅसिटरचं सांगितलं. रात्रभर... नव्हे, तीन दिवस विचार केला होता, सांगावं की नाही. त्यांना कधीच कळलं नसतं. पण रक्ताच्या फ्रिजच्या बाबतीत लपवाछपवी करायला मन घेईना. म्हणालो, "आमच्या कार्डाला उठायला पुस्तकापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. त्यावर एक मोठा भाग आहे."

"का बरं?"

मी धाकट्याकडे बघितलं. तो खिशात हात घालून उभा होता. त्याने हात बाहेर काढले. म्हणाला, "लहान भाग माझ्या हातून बसत नाही. म्हणून मोठा लावला. यांनी त्याप्रमाणे वेळ ठेवला आहे. गणित हे बघा."

बाईंनी कागद उभ्या उभ्या वाचला. एकदा मागे जाऊन पुन्हा वाचला. "म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत उठतं की."

"त्याच्याही आत."

"फ्रिजचं दार उघडं ठेवून आमचे लोक गप्पा मारतात, त्याच्यापुढे हे काय आहे!" आणि स्टॉपवॉच दाबलं.

पुढचं काय लिहू. इतक्या वेळा वीज गेली आणि आली की खालचा सायकलवाला वर येऊन विचारून गेला, आगबीग लागलीय का. एकही कार्ड चुकलं नाही. शेवटी बाईंनी स्टॉपवॉच गळ्यातून काढून पर्समध्ये ठेवलं, तेव्हा मला कळलं की झालं.

त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. "गप्प ठेवा म्हणाले होते मी, पण हे पार मुकं झालं. उद्या काही बिनसलं तर विचारायचं कुणाला? पातळी बाहेरून बदलता आली पाहिजे. एरवी गप्प, पण विचारलं की सांगितलं पाहिजे." अगदी रास्त आहे. सोमवारी करून टाकतो.

कार्डं सोपवल्याची सही करायची तेव्हा धाकटा पुढे झाला होता, पण बाईंनी पेन माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "मोठ्या भावाने करावी." वडीलधाऱ्यांचा असा मान राखणारी माणसं आता कमी राहिलीत.

३० तारीख, सोमवार

पातळी बाहेरून बदलायची सोय झाली. चालू ड्रायव्हरला विचारलं की बोलतो. सोपं होतं, पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. का सुचलं नाही कोण जाणे.

सकाळी पोचलो तेव्हा धाकट्याने टेबल परत फिरवलं होतं. एकट्याने ओढून सरकवल्याने फरशीवर चरा उठलाय. पुढच्या कार्डांसाठी योग्य क्षमतेचे, मोठ्या आकाराचे कपॅसिटर मागवले. तो म्हणाला, "आता आकडा दहा करशील ना परत?" मी म्हणालो, "नाही."

हल्ली मी त्याचा कप अर्धाच भरतो. आज म्हणाला, "दादा, धंदा मिळाल्यावर माणूस असा कंजूष होतो?" मी म्हणालो, "उरलेला नंतर देतो." त्याने दोन्ही हातांनी कप धरला आणि गरम असताना प्यायला. थोडा सांडला. त्याने पुसला नाही, मीही नाही.

मग मी विचारलं, "हात कसा आहे आज?" वाक्य घरून ठरवून गेलो होतो. त्याने कप ठेवला. मला वाटलं, बरा आहे म्हणेल आणि संपेल. तो बोलायला लागला तो जेवणाची वेळ होईपर्यंत. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमात फोटो काढता आला नाही ते. धाकटी शर्टाची बटणं लावून देते आणि दोघेही त्या वेळी इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलतात ते. मी ऐकत होतो. पडद्याकडे बघितलं नाही, एवढं खरं.

दुपारी फाइल बंद करण्याआधी हेडर पुन्हा वाचली. महिन्याच्या सुरुवातीला मी इथे लिहिलंय की स्थिरांक म्हणजे न बदलणारं काहीतरी. चुकीचं लिहिलं. न बदलणाऱ्या आकड्याला नाव द्यायची गरजच काय? नाव यासाठी द्यायचं, की पुढे धाकट्याचा हात आणखी थरथरला, त्याला आणखी मोठा भाग लावावा लागला, तर सगळा ड्रायव्हर उसवत बसायला नको. एका ओळीत एक आकडा वाढवायचा. बाकी सगळं आपोआप थांबेल.